ठिपका गेला की

"डबा मेला म्हण," हे-रानची आई म्हणाली. "कायमचा मेला. एवढं म्हण ना, म्योंगसिकभाऊ."

म्योंगसिकनं पडद्याकडे बघितलं. जुकब्योन बंदरातली प्रत्येक बोट त्याच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानात पडद्यावर हिरवा ठिपका होऊन दिसायची. बोटीवरचा डबा ठिकाण सांगतो, इथं ठिपका उमटतो. तिच्या नवऱ्याचा, दाल्होचा, ठिपका तेवढा नव्हता.

तो बऱ्याचदा नसायचा. अख्ख्या बंदराला पाठ होतं. इंजिन हळू केलं की दाल्होची बोट अशी थडथडायची की डबा बंदच पडायचा. आणि इंजिन हळू कधी करतात? जाळं ओढताना. म्हणजे ठिपका गेला की खेकडे आले! हे-रानची आई लगेच मोठं पातेलं चढवायची. शेजारणी चिडवायच्या, "काय गं, नवरा हरवला वाटतं? आम्हालाही बोलाव जेवायला!" तासा-दोन तासांनी ठिपका परत.

दुकानात आणला की डबा एकदम शहाणा. म्योंगसिक ठोकायचा, हलवायचा, तापवायचा. काही नाही. समोर बिघडतच नाही त्याला दुरुस्त काय कपाळ करणार?

काल सकाळी ठिपका गेला. समुद्रावरच्या गस्तवाल्यांचा तिला फोन आला. ती हसून म्हणाली, "नेहमीचंच आहे हो. जाळं ओढतायत." रेडिओवर दाल्हो उत्तर देत नव्हता, पण हंगामात कोण देतं? जागा कळते ना दुसऱ्यांना.

म्योंगसिक काल पोहांगला गेलेला, सामान आणायला. आज दुपारी येऊन बघतो तर ही बंद शटरपुढे बसलेली.

"बोल की!" ती ओरडली. "इतके दिवस जायचा-यायचा, आता एकदाचा गेला. होतं ना असं? नवीन काढून ठेव. आल्या आल्या बसवू."



तिचा हात टेबलावरच्या ताटलीत गेला. वीतभर जुनी वायर. तिच्यावर चांदण्यांची चिकटपट्टी गुंडाळलेली, लेकीच्या, हे-रानच्या दप्तरातली.

"ही आमची. ही इथं कशी?"

"बोटीवरून काढली मी, डब्याला जोडलेली. मंगळवारी." तो खाली बघूनच बोलत होता. "वरून धड, आतून तुटलेली. सापडली एकदाची. नवीन टाकली. दिवसभर इंजिन हळू ठेवून बसलो आम्ही दोघं. एकदाही गेला नाही ठिपका."

"मला नाही बोलला तो."

"मलाही सांगू दिलं नाही. म्हणाला, आता ठिपका जाणार नाही, तिला पत्ता लागणार नाही. खेकडे घेऊन अचानक दारात उभा राहतो, बघतो कशी धांदल उडते."

ती वायर घेऊन उभीच राहिली. बाहेर बर्फगाडीवाला हॉर्न मारत होता, मारतच होता मूर्ख.

"फोन लाव गस्तवाल्यांना," ती म्हणाली.

म्योंगसिकनं लावला. पलीकडच्यानं बोट विचारली, माणसं किती विचारलं. मग विचारलं, ठिपका जाऊन किती वेळ झाला.

म्योंगसिक पडद्यावर वेळ शोधायला लागला.

"एकोणतीस तास," हे-रानची आई म्हणाली. "आणि दहा मिनिटं."