पाच जणांचा शब्द

"कुठे तार तुटून पडलीय का?" सबस्टेशनवर फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारत होते. दुपारच्या वादळाने खिडकीची काच फोडली होती आणि माझ्या टेबलावर गारा वितळत होत्या.

"काही नाही मॅडम, सगळं ओके आहे. तुम्ही फक्त लाईट सोडा," एका वस्तीवरचे म्हस्के म्हणाले. त्यांच्याकडे पुतणीची हळद होती आणि डीजे खोळंबला होता. मागोमाग त्याच वस्तीवरून आणखी चौघांनी फोन करून तेच सांगितलं. लाइनमन पलीकडच्या गावात झाडाखाली आलेला खांब सोडवत होता. मी पाच जणांच्या शब्दावर स्विच दाबला.

लाईन लगेच ट्रिप होऊन बंद पडली आणि फोन वाजला. पुन्हा म्हस्केच होते. "इंदूबाईची म्हैस तारेला चिकटून मेली हो. दावं हातातून सुटलं म्हणून बाई वाचली."

"म्हणजे तार पडली होती?"

"पडली होती की, वादळातच. कुणी पाय देऊ नये म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी दगडसुद्धा मांडून ठेवले होते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर उद्यापर्यंत लाईट दिली असतीत का तुम्ही?" भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

मला इतकी शिसारी आली, की रिसीव्हर कानापासून लांब धरला. तरीही आवाज येतच होता.

"मॅडम, म्हैस आम्ही ओढून बाजूला घेतो. दहा मिनिटांनी लाईट परत सोडता का?"