मामाजींसाठी समुपदेशक

"मोबाईलले काय सांगू माह्या मनातलं?" खुशालरावांनी फोन सुनेच्या हातात परत दिला. "त्याले काय समजते?"

"पलीकडं माणूस असते, मामाजी. शिकलेली बाई हाये."

"मंग ते बाई इथं काहून नाई येत?"

साधनाने दात आवळले. पंधरा दिवसांपासून हेच चाललं होतं.

साधनाच्या नवऱ्याला, नितेशला, जाऊन आठ महिने झाले होते. कामावर निघताना त्याच्या छातीत कळ आली आणि भातकुलीहून अमरावतीला नेईपर्यंत सगळं संपलं. तेव्हापासून खुशालराव ओसरीवर बसून असत. कापूस वेचणीलाही वावराकडे फिरकले नाहीत. बोलले तर दोन शब्द, तेही जेवणापुरते. घरात आता ही दोघंच. साधना मात्र चौदाव्या दिवशी तहसील कचेरीत आपल्या टेबलावर हजर झाली होती. बाई खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. कोणीतरी खंबीर असायलाच हवं होतं.

समुपदेशन डॉक्टरांनी सुचवलं. पण खुशालरावांचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढू देईनात, म्हणून ऑनलाइन. पहिल्या ॲपवर सगळं इंग्रजी. दुसऱ्यावर पुण्याकडची मुलगी, ती त्यांच्या प्रत्येक वाक्यावर "म्हणजे?" विचारायची. तिसऱ्या वेळी नेट गेलं आणि खुशालराव पाच मिनिटं अडकलेल्या चित्राकडे बघत "हं, हं" करत राहिले. साधना चिडून कचेरीत गेली आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसली. संध्याकाळी तिचा डबा घरी आला तो जसाच्या तसा.

शेवटी अकोल्याच्या जुन्या शहरातली समुपदेशक रागिणी सापडली. साधनाने तिला सरळच विचारलं, "ऑनलाइननं भागेल काय हो?"

"सगळ्यांचं नाही भागत," रागिणी म्हणाली. "मोकळं बोलायला घरात जागा लागते. आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर फोनवर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. तसं काही बोलतात काय ते?"

"नाई, नाई. नुसते बसून राह्यतात."

"झोप? भूक?"

साधनाने भराभर सांगितलं.

"आणि तुमचं कसं चाललंय, ताई?"

"माझं काय! मी कामात असतो."

"बरं. चार बुधवार बोलून पाहू. मग ठरवू, हे त्यांना मानवतं की नाही."

पहिल्या बुधवारी खुशालरावांनी एकच अट घातली. "दरवाजा लावीन. तू आयकाचं नाई."

साधना स्वयंपाकघरात थांबली. आतून हळूहळू बोलणं सुरू झालं, आणि ते पाऊण तास थांबलं नाही. आठ महिन्यांत मामाजी एवढं बोलले नव्हते. मध्येच त्यांना रडू फुटलं. साधनाची पोळी तव्यावर करपून गेली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तू जेवली काय व पोरी?"

"माझं सोडा. बरं वाटलं काय तुम्हाले?"

"वाटलं."

दुसऱ्या बुधवारनंतर ते चप्पल घालून दारात उभे. "रोज कोणासंगं तरी चालाचं, असं सांगतलं रागिणीबाईनं. चाल."

साधना वैतागली. भांडी पडली होती, कचेरीतल्या फायली घरी आणल्या होत्या. पण समुपदेशकाने सांगितलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? ती त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या चालीने रोज गावाबाहेरच्या पाणंदीपर्यंत जाऊ लागली.

तिसऱ्या बुधवारनंतर त्यांनी नितेशच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या. चालता चालता मध्येच थांबून तिच्याकडे बघत. तिने लगेच विषय बदलला. "मामाजी, गोळी घेतली काय?"

चौथ्यानंतर म्हणाले, "आतेबहिणीले बोलावू काय तुह्या? राहीन चार दिवस."

"कशाले? तिचं करत बसू काय मी?"

तरी साधनाला हायसं वाटत होतं. म्हातारा माणसांत येत होता. मोबाईलवरचं बोलणं लागू पडलं होतं.

पाचव्या बुधवारी ती अर्धी रजा टाकून घरी आली, तर खुशालराव काठी घेऊन निघालेले.

"पाचची वेळ हाये, मामाजी!"

"वावरात जाऊन येतो."

"आजच? आठ महिने नाई गेले ते आज चालले? आता कुठं सुधारून राह्यले होते तुम्ही!"

"फोन वाजन. तू घे," एवढं बोलून ते फाटकाबाहेर पडले.

तिला त्यांच्या मागे धावून जावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर रागिणी.

"माफ करा, ताई," साधना बोलत सुटली. "गेले ते निघून. मी किती करू सांगा? कचेरी पाहू, घर पाहू, का त्याइच्या मांगं पळू? नाई जमत आता मले. खरंच नाई जमत."

रागिणीने तिला थांबवलं नाही.

"काकांच्या परवानगीनं सांगते," मग ती हळूच म्हणाली. "चारही बुधवार ते फक्त तुमच्याबद्दल बोलले. ते चालणं, त्या गोष्टी, आतेबहिणीला बोलावणं, सगळं तुमच्यासाठी होतं. आजची वेळही त्यांनी तुमच्याच नावानं घेतली आहे."