पिरॅमिडला निघताना

चैतालीनं पुन्हा घास पुढं केला आणि बुद्धघोषांनी पुन्हा तोंड भिंतीकडं फिरवलं. वरणात कुस्करलेली भाकरी उशीवर सांडली.

चांगुणाबाई दारात उभ्या होत्या. अंगावर प्रवासाची साडी, पायात नवे बूट. बाहेर व्यंकटची जीप चालू होती. सोलापुरात शाळेतल्या जुन्या मैत्रिणी वाट बघत होत्या. तिथून सगळ्या मिळून मुंबई, आणि मुंबईहून विमानानं इजिप्त.

नवऱ्याच्या, बुद्धघोषांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून घास भरवला तो फक्त चांगुणाबाईंनी. दुसऱ्या कुणाच्या हातचं ते घेतच नसत. म्हणून तर सून चैताली रजा काढून पुण्याहून आधीच आली होती, त्यांना तिची सवय व्हावी म्हणून. कूस बदलणं, अंग पुसणं, औषधं, बाकी सगळं जमलं. जेवणाचं तेवढं जमेना. कालपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि रिकाम्या पोटी गोळ्या द्यायच्या नव्हत्या.

मुलाचा, प्रसेनजितचा, सकाळीच फोन येऊन गेला होता. पिरॅमिड काही पळून चालले नाहीत, पुढच्या वर्षी जा, असं तो आईला म्हणाला. ते हजारो वर्षं उभेच आहेत, पुढच्या वर्षी माझे गुडघे उभे राहतील का ते सांग, असं म्हणून चांगुणाबाईंनी फोन ठेवला होता.

"आई, एकदा तुम्हीच भरवा," चैताली हळूच म्हणाली. "तुमच्या हातानं खातील. मग निघा."

चांगुणाबाई आत आल्या, खाटेच्या कडेला टेकल्या आणि घास उचलला. बुद्धघोषांची मान लगेच वळली. तोंड उघडलं. डोळ्यांत मात्र भूक नव्हती, जिंकल्याची चमक होती. चांगुणाबाईंना ती दिसली आणि त्यांचा हात मधेच थांबला. हा घास भरवला की जीप परत जाणार, हे त्यांना पक्कं कळलं.

त्यांनी घास ताटात ठेवून दिला.

"तुम्ही जेवलात तरी मी जाणार, न्हाय जेवलात तरी जाणार," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असायचा तसाच होता. "पोरांकडून जगातली आश्चर्यं पाठ करून घेण्यात माझी नोकरी सरली. एक तरी डोळ्यानं बघू द्या."

बुद्धघोषांचं तोंड मिटलं. मग घशातून एकच शब्द आला. वाकडा, पण कळेल असा.

"मरंन."

चैतालीनं ओढणी तोंडावर धरली. चांगुणाबाई उठल्या, मोरीत हात धुतले, बॅग उचलली आणि मागं न बघता जीपमध्ये बसल्या. शेजारची लक्ष्मीबाई ओट्यावरून सगळं ऐकत होती. तिनं काहीच विचारलं नाही. तेच चांगुणाबाईंना जास्त लागलं.

माकणी गाव मागं पडलं. धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. मांडीवरच्या फोनवर त्यांची नजर होती. लोहारा आलं, गेलं. व्यंकटनं काही विसरलं का म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. नवऱ्याला उपाशी टाकून फिरायला गेली, असं गाव म्हणणार. म्हणू दे. पण खरंच काही झालं तर? पिरॅमिड म्हणजे तरी काय, राजांची थडगीच. मेलेल्यांची घरं बघायला आपण जित्या माणसाला टाकून निघालो.

जळकोट जवळ आलं. हायवेवरचे ट्रक दिसायला लागले.

"व्यंकट, गाडी थांबव."

त्यानं गाडी कडेला घेतली. "माघारी फिरवू का, बाई?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं चैताली रडत होती, शब्द कळत नव्हते.

"नीट बोल, बाळ. काय झालं?"

तुम्ही गेल्यावर मी ताट खाटेवरच ठेवून मागच्या दारी गेले, रडू आवरत नव्हतं, असं चैताली सांगत होती. परत आले तर बाबा उशीला रेलून बसलेले.

"स्वतः जेवत होते, आई. डाव्या हातानं. अंगावर थोडं सांडलं, पण ताट संपवलं. मला बघून थांबलेसुद्धा न्हाईत. आजच शिकले असं वाटत न्हाय हो."

माहेरची लग्नं चांगुणाबाईंनी दोन जेवणांच्या मधल्या वेळात उरकली होती. भावाला माती द्यायलासुद्धा त्या सकाळी गेल्या आणि संध्याकाळच्या घासाला परत आल्या होत्या. आधी संताप आला. त्याच्यामागून हसू आलं.

"आई, ऐकताय ना?"

"व्हय."

त्यांनी व्यंकटला हातानंच सोलापूरची बाजू दाखवली. जीप हायवेवर चढली.

"संध्याकाळी ताट त्यांच्या डाव्या अंगाला ठेव," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आणि भाकरी कुस्करू नको."