साडीतली वैनगंगा

बालाघाटच्या नाटकात वैनगंगा म्हणजे दोघांनी टोकं धरून हलवलेली निळी साडी. यंदा ऋतानं नागपूरहून फिरते लाइट आणि ते चालवायचा कन्सोल आणला. तालमीत सगळे निळे लाइट एकदम डोलले, एकदम मंदावले. "हे तर कवायत करून राह्यले, पोरी," दिग्दर्शक गुणाकरराव म्हणाले. "प्रयोगाले आपली साडीच बरी." ऋतानं साडीचं एक टोक धरलं. "काकाजी, हलवा बरं." त्यांनी दुसरं टोक झटकलं. लाट त्यांच्या हातून निघाली आणि जराशा उशिरानं तिच्या हाती पोचली. "हौ, समजलं," म्हणत ती कन्सोलकडे धावली. डोलणं तेच, मंदावणं तेच. फक्त प्रत्येक लाइट तिनं शेजारच्यापेक्षा किंचित उशिरा सोडला. स्टेजभर पाणी वाहू लागलं. गुणाकररावांच्या हातून साडी सुटली. तेवढ्यात चहावाली रुख्माबाई किटली घेऊन आली आणि स्टेज ओलांडताना तिनं लुगडं घोट्यावर उचललं.