पोटावरचा हात

शेकाच्या शेगडीत निखारा तडकला आणि दुपारची शांतता मोडली. बाळ झोपलं होतं. खिडक्या बंद, माझ्या कानांना रुमाल. बाळंतिणीनं सव्वा महिना खोलीबाहेर पडायचं नाही. आज कुठे विसावा दिवस.

"बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही गं," सकाळी मी धीर करून आईला सांगितलं. माझ्या पोटाचा पट्टा आवळत ती म्हणाली, "असं बोलू नये. आणि रडू तर मुळीच नकोस, डोळे जातील."

थोरली लेक हळूच आत आली. बाळ पोटात असताना आम्ही दोघी रोज पोटावर हात ठेवून, डोळे मिटून श्वास मोजायचो. "आत कोण आहे?" ती विचारायची. "आपलं बाळ," मी सांगायचे.

आज तिनं तसाच पट्ट्यावर हात ठेवला, डोळे मिटले.

"आई, आता आत कोण आहे?"