एकोणिसाव्या वर्षाचं पान

वत्सलाबाई दळवींनी आपली आरोग्यनोंद पहिल्यापासून कुलूपबंद ठेवली होती. एकोणिसाव्या वर्षी भास व्हायला लागले म्हणून त्यांना चार महिने मनोरुग्णालयात ठेवलं होतं. चिपळुणात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज आरोग्य केंद्रातल्या नर्स शबाना मुकादमने त्यांना बोलावून घेतलं.

"बाई, कुठेतरी एक लहान मुलगी आजारी आहे, तिला भास होतायत. डॉक्टरांना निदान होत नाहीये. निदानाच्या यंत्राने जगभरच्या बंद नोंदी चाचपल्या, तर तुमची जुळतेय म्हणालं. आत काय आहे ते मात्र कुणालाच दिसत नाही. उघडायची का, हे तुम्ही ठरवायचं."

"नाही म्हटलं तर?"

"तर तुम्हाला विचारलं होतं, हेसुद्धा कुणाला कळणार नाही. हो म्हटलंत तरी नाव जात नाही."

 वत्सलाबाईंनी एकोणिसाव्या वर्षाचं तेवढं एकच पान उघडलं.

पडद्यावर पृथ्वीचा नकाशा आला. चिलीत एक ठिपका उजळला, मग केनियात, मग मंगोलियात. हाच प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला होता, ते आपापलं पान उघडत होते. बघता बघता सतरा ठिपके झाले. सगळी पानं एकत्र ताडून यंत्राने निदान लिहिलं.

शबानाने ते वाचलं. "रक्तातला दोष आहे, बाई. भास त्यामुळेच होतात. औषध आहे यावर. मुलीला आजच सुरू करतायत."

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," वत्सलाबाई हळूच म्हणाल्या.

त्या एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेल्या. तेवढ्यात समुद्रातल्या एका इवल्याशा बेटावर अठरावा उजळला.