चारशे वर्षांचा मार

"कडेला मार. तोंडावर नको," वासुदेव म्हणाला.

दगडूने साखळी फिरवली. तुळई किंचाळली नाही, एवढंच. साखळी झाली की हातोडा, हातोडा झाला की तापलेली सळई. आखातातल्या रास अल खोरच्या त्या गोदामात नवं ओकचं लाकूड मारून मारून चारशे वर्षांचं म्हातारं करायचं काम चाललं होतं.

इंग्लंडच्या खेड्यातलं शेतघर. वाकड्या तुळया, आत माणूस बसेल एवढी चूल, मान वाकवून जायचं दार. तिकडून अख्खं उतरवून आणतोय, असं सांगून वासुदेवने ते इथल्या अरब शेठना, तहासाहेबांना, विकलं होतं. त्याच्याकडे प्रत्यक्षात होते ते इंटरनेटवरून काढलेले एका घराचे फोटो. फोटोत जिथे घाव, तिथेच दगडूने घाव घालायचा.

"सायब, माझ्या सुट्टीचा काय झाला?"

"कॅन्सल. लंडनहून एक्स्पर्ट येतोय. त्याने घर खोटं ठरवलं तर मी जेलमध्ये आणि तू गावाला, कायमचा. पास झालो की जा, इन्शाल्ला."

दगडूने कुऱ्हाड उचलली. वासुदेव मागे सरकला.

"माझ्यावर नाही रे बाबा! राग त्या चौकटीवर काढ."

दगडूने काढला. सालपं उडाली, तळहात फुटले, रक्त लाकडात मुरलं.

"पुसू नकोस," वासुदेव म्हणाला. "छान दिसतंय."

घर वाळवंटात उभं राहिलं. एक्स्पर्ट आला. त्याने तुळया हुंगल्या, चुलीत डोकं घातलं आणि चौकटीच्या घावात बोट घालून बराच वेळ उभा राहिला.

"या दारात कुणीतरी कुणाचा तरी जीव घेतलाय," तो हळूच म्हणाला.

"फॅमिली मॅटर असेल," वासुदेव म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"घर अस्सल आहे. कोर्टात शपथेवर सांगेन."

तहासाहेबांनी वासुदेवला मिठी मारली. "हबीबी!"

"यल्ला, बॅग भर," वासुदेव दगडूच्या कानात पुटपुटला. दगडू पहिल्यांदाच हसला.

एक्स्पर्टने तोवर फोन कानाला लावला होता.

"पोलीस? आमच्याकडच्या खेड्यातून चोरीला गेलेलं शेतघर सापडलंय. हो, खात्रीने तेच, फोटोतला घाव न् घाव जुळतोय. चोरही माझ्यासमोरच उभा आहे."